गावंडे सरांची न लागलेली जोड

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी अकोल्याच्या गावंडे सरांनी एकाच वेळी दोन बॉक्सरांना सूचना दिल्या. एक लढत मुंबईत चालू होती, दुसरी दिल्लीत. सर घरीच होते.

त्यांच्या बैठकीत एकाच भिंतीवर शेजारी शेजारी दोन टीव्ही आहेत. डावीकडच्या टीव्हीवर एक क्रीडावाहिनी लागते, उजवीकडच्यावर एक अ‍ॅप. अक्षय वानखडे फक्त डावीकडे दिसतो आणि पवन तायडे फक्त उजवीकडे. दोघेही सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकले. फेरी संपली की सर लाकडी स्टूल त्या त्या टीव्हीकडे फिरवतात आणि विश्रांतीच्या मिनिटात पडद्याशी बोलतात. आधी पाणी प्यायला सांगतात, मग चुका. त्या संध्याकाळी दोन्हीकडची विश्रांती एकदमच आली आणि अक्षयसाठीची बोलणी पवनने खाल्ली. मागे मेथी निवडत बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "अहो, थो पवन आहे." सरांनी पवनच्या टीव्हीची माफी मागितली, स्टूल फिरवलं आणि तेच सगळं अक्षयला पहिल्यापासून सांगितलं.

दोघेही जिंकले. सरांनी दोन्ही टीव्ही बंद केले.

"दोघंही जितले," ते म्हणाले. "जोड कोनाचीच नव्हती."

मी एका दैनिकासाठी क्रीडावार्ता लिहितो. आधी अमरावतीला होतो, आता अकोल्यात सरांच्या मागच्या गल्लीत राहतो. जोड हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही असा दिवस मला आठवत नाही. मुळात तो कुस्तीच्या आखाड्यातला शब्द, बरोबरीच्या दोघांच्या लढतीसाठीचा. सरांकडे तो सगळीकडे चालतो. पोह्यांबरोबर तर्री आली तर जोड लागली, चटणी आली तर नाही. ऑटोत बसताना ते प्रवाशांना वजनाप्रमाणे इकडून तिकडे बसवतात, आणि माणसं उठतातही, कारण निम्म्या शहराला त्यांनी शाळेत कवायत शिकवली आहे. ओळखीच्या एका लग्नात आहेर देऊन झाल्यावर त्यांनी वरपित्याला बाजूला घेऊन नवरी दोन वजनगट वरची असल्याचं सांगितलं होतं. पोरगा सांभाळून राहिला तर टिकेल, असंही सांगितलं. लग्न टिकलं आहे. तो पोरगा आजही रस्त्यात सरांना वाकून नमस्कार करतो.

सर मूर्तिजापूरकडच्या एका शेतकरी घरातले. तरुणपणी कुस्ती खेळले. मग शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक झाले आणि कोणा लष्करी माणसाकडून बॉक्सिंग शिकून आले. पण डोकं आखाड्यातलंच राहिलं. यात्रेच्या दंगलीत पंच मंडळी दोन पहिलवान निवडतात, त्यांचे हात धरून वर करतात, की जोड लागली. एकाच तालमीतल्या दोघांची मात्र जोड लावत नाहीत. ते भाऊ. म्हणून एखाद्या वस्तादाच्या हाताखाली दोन तोलामोलाचे पठ्ठे तयार झाले, तर तो एकाला दुसऱ्या वस्तादाकडे पाठवतो. वर्ष-दोन वर्षांनी दोघे दोन तालमींकडून उतरतात आणि गाव लोटतं.

अक्षय चांदूर बाजारचा, संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा. पवन अकोल्याचाच. वजन एक, उंची जवळपास एक. शेडमध्ये दोघे सरावाला उतरले की शेजारच्या पिठाच्या गिरणीवरची माणसं दळण सोडून दारात येत. दोघे व्यावसायिक बॉक्सिंगच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा मुंबईचा एक प्रमोटर अकोल्याला आला आणि दोघांनाही घेतो म्हणाला. सरांनी एकट्या अक्षयला दिलं. पवनला घेऊन ते स्वतः रेल्वेने दिल्लीला गेले आणि त्याला तिथल्या प्रमोटरच्या हवाली करून आले. का, ते कोणाला सांगितलं नाही. वस्ताद कारण सांगत नसतो.

त्यानंतर मुंबईच्या प्रमोटरने क्रीडावाहिनीशी करार केला आणि दिल्लीच्या प्रमोटरने अ‍ॅपशी. दोन्ही करार अनन्य हक्कांचे होते. म्हणजे एकाचा बॉक्सर दुसऱ्याच्या पडद्यावर दिसणार नाही. लढत मुंबईवाल्याने ठेवली तर पवन येऊ शकत नाही, दिल्लीवाल्याने ठेवली तर अक्षय. आखाड्यात दोन तालमींमुळे जोड लागते. इथे त्यांच्यामुळेच तुटली.

बॉक्सरांचा फायदा झाला नाही असं नाही. वर्षाच्या लढती आधी ठरू लागल्या, मानधन वेळेवर येऊ लागलं, डॉक्टर मिळाला, विमा मिळाला. पण वाहिनीला ठरलेल्या तारखेला आपला माणूस जिंकायला हवा असतो. त्यामुळे समोर बेताचे पाहुणे बॉक्सर येऊ लागले. दोन्ही प्रमोटरांनी आपापला विजेतेपदाचा पट्टा काढला. आज देशात त्या वजनाचे दोन राष्ट्रीय विजेते आहेत, दोघे एकाच शेडमधले. परदेशातल्या क्रमवारीत मात्र कोणाला हरवलं ते विचारतात, आणि तिथे दोघांचीही नावं हलत नव्हती.

जाहिरातींसाठी दोघांकडून एकमेकांना टोमणे मारून घेतले गेले. हळूहळू फोन बंद झाले. पवन गावी आला की दिवाळीला सरांच्या पाया पडून जायचा, शेडकडे फिरकायचा नाही. सरांनी घरचा ठेवला तो अक्षय आणि दूर धाडला तो मी, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. छापू नका, असंही म्हणाला होता.

सरांनी प्रयत्न सोडले नाहीत. त्यांनी वाहिनीच्या मुंबई कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या मॅडमनी शांतपणे समजावलं की ज्या प्रेक्षकांना दोघांना बघायचं आहे, त्यांनी दोन्हीकडचे पैसे भरावेत.

"मी भरले ना दोन्हीकडं," सर म्हणाले. "मंग मले एकट्याले तरी दाखवा."

पुढे ते अमरावतीचे वकील देशपांडे यांच्याकडे गेले. दोघे शाळासोबती. देशपांड्यांनी दोन्ही पोरांचे प्रमोटरांशी झालेले करार वाचले. मुदत संपताना पट्टा बॉक्सरकडे असेल, तर करार आपोआप वाढत होता. पट्टा गेला असेल, तर प्रमोटर त्याला सोडू शकत होता. आजवर हरलेल्या प्रत्येकाला प्रमोटरांनी सोडलं होतं.

"गावंडे, हा कागद जिंकणाऱ्याला बांधतो आणि हरणाऱ्याला मोकळं करतो," देशपांडे म्हणाले. सरांनी चहा अर्धा ठेवला. मी सोबत होतो.

अक्षयची मुदतीतली शेवटची लढत होळीनंतर मुंबईत होती. तो तिशी ओलांडलेला. करार वाढला असता, तर पवनशी लढण्याचं वय उरलं नसतं. होळीच्या आदल्या दिवशी तो मोटारसायकलवरून संत्र्यांचं पोतं घेऊन शेडमध्ये आला. सर हाताला बांधायच्या पट्ट्या गुंडाळत बसले होते. तोही एक पट्टी घेऊन गुंडाळू लागला.

"सर, मी हरतो ना," तो म्हणाला. "पट्टा गेला की सोडतीन मले. मंग पवनसंग लढतो, कुठंबी. यात्रेत लढतो."

सरांनी पट्टी पूर्ण गुंडाळली.

"हरून येशीन, तं जोड कुठं राह्यली बे?"

"तुमालेच पाह्यजे होती ना थे लढत?"

"मले पाह्यजे होती. तुह्या पडन्यावर नाही पाह्यजे."

अक्षयने हातातली पट्टी अर्धवट सोडली. पोतं ठेवून गेला.

सरांनी मला आमची मुंबईची तिकिटं काढायला सांगितली, तेव्हा काकूंनी हातातलं काम थांबवलं. दोघांच्या व्यावसायिक लढतींना सर कधीच गेले नव्हते. एकाच्या रिंगजवळ बसलो तर दुसऱ्याने काय समजायचं, हे त्यांचं कारण होतं. काकूंनी पवनचं नाव काढलं. सर म्हणाले, माहीत आहे.

मुंबईत ते पहिल्या रांगेत, अक्षयच्या कोपऱ्याच्या बाजूला बसले. पाहुणा साधारण होता. पहिली फेरी अक्षयची झाली. दुसऱ्या फेरीत त्याचे हात खाली आले. दमून आले की ठरवून, हे त्याने आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. त्याने लागोपाठ ठोसे खाल्ले. सर उठून उभे राहिले. ओरडले नाहीत, हातवारे केले नाहीत. मागचे लोक बसायला सांगत होते. सुरक्षारक्षकाने खांद्याला हात लावला. अकोल्यात हे घडतं, तर सरांनी आधी त्याचं वजन सांगितलं असतं. इथे ते नुसते उभे राहिले आणि अक्षयकडे बघत राहिले. फेरी संपवून कोपऱ्यात येताना अक्षयला ते दिसले.

तिसऱ्या फेरीत पाहुणा दोनदा पडला. दुसऱ्यांदा उठला नाही. पट्टा राहिला आणि करार वाढल्याचं प्रमोटरने रिंगमध्येच माइकवर सांगितलं. अक्षय खाली उतरून सरांच्या पाया पडला. सरांनी त्याच्या भुवईवरची जखम पाहिली आणि आधी टाके घालून घे, मग जेव, एवढं सांगितलं.

परतीच्या गाडीत भुसावळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "पेपरवाले, कॅमेऱ्यात मी दिसलो असन काय?"

तुम्ही उभे होतात तेव्हा दाखवलं, असं मी सांगितलं. घरून मला तसा फोन आला होता.

"अक्षयच्या बाजूनं?"

"हो."

शेगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.

अकोल्याच्या फलाटावर होळीला गावी आलेला पवन उभा होता. काकूंनी त्याला फोन करून, सरांचा गुडघा आखडला आहे, सामान उतरवायला जा, असं सांगितलं होतं. तो पाया पडला. सरांनी त्याला धरून उभं केलं आणि हात सोडला नाही.

"पवन, तुले दिल्लीले मी धाडलं. अक्षय मोठा म्हनून नाही. तुमी दोघं बरोबरीचे म्हनून. दोन ठिकानी असले तं जोड लागन, असं वाटलं मले. इथं उलटं असते, हे मले ठाऊक नव्हतं. चूक माही."

हमालाची हातगाडी मधून गेली, तेवढ्यापुरते दोघे बाजूला झाले. मग पवनने सरांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"मी पाह्यली त्याची लढत," तो म्हणाला. "सगळ्याच पाहतो. पन टीव्हीवर समजत नाही, सर. तुमी सांगा."

सर फलाटावरच्या बाकावर बसले आणि पहिल्या फेरीपासून सांगू लागले. पवन शेजारी बसला.