दोन्ही बाजूंचे चन्नप्पा सर

आमच्या उमरग्यात चन्नप्पा सरांशी सहमत होणं म्हणजे त्यांचा अपमान. तुम्ही म्हणालात, "सर, आज लई ऊन हाय," आणि सर नुसते "आहे" म्हणाले, असं कधी घडलेलं नाही. ते थांबतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "अनुकूल बोलताय की प्रतिकूल?" तुम्ही उन्हाच्या बाजूनं बोललात की सर सावलीचे वकील. समोर कोणी उभंच राहिलं नाही, तर पाच मिनिटं एका खुर्चीतून बोलतात, मग उठून समोरच्या खुर्चीत बसतात आणि स्वतःलाच असं काही सुनावतात की पहिल्या खुर्चीची कीव यावी.

सरांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि वादविवादाचे संघ तयार केले. त्यांच्या विद्यार्थ्यांना आपली बाजू कोणती हे स्पर्धेच्या तोंडावर चिठ्ठी उचलून कळायचं. "स्वतःचं मत घरी ठेवून यायचं," हा सरांचा पहिला धडा. घरीही तेच. काकूंनी "आज शेपू करू का?" विचारलं तरी "तीन मुद्दे मांडा" म्हणायचे. काकूंनी एकदा खरंच मांडले: "शेपू आणलाय, दुसरं काही आणलं नाही, आणि मी तोच करणार आहे." सरांनी दहापैकी नऊ गुण दिले आणि मुकाट जेवले.

निवृत्तीनंतर हे सगळं हायवेलगतच्या युसूफभाईंच्या हॉटेलात हललं. रोज संध्याकाळी पाचला सर, आडत व्यापारी कडप्पा, आणि मी. मी सरांचा शेजारी आणि धंद्यानं विमा एजंट, त्यामुळे न कंटाळता बसून राहण्याचा मला सराव आहे.

हल्ली आमच्या गप्पांत पुडी आली. पूर्वी पुडी म्हटलं की गुटखा. आता पांढरी पावडर. एक दिवस टीव्हीवर कुठंतरी पावडर पकडल्याची बातमी लागली आणि कडप्पांनी टेबलावर हात आपटला. "चौकात बांधून हाणाय पायजे असल्यांना! इकणाऱ्याला बी आन् घेणाऱ्याला बी!"

"माझ्या मते," सर म्हणाले, "सरकारनं परवान्याचं दुकान काढावं."

"तोबा!" युसूफभाई झारा हातात धरून म्हणाले. "सर, चायमध्ये काय पडलं काय आज?"

सर उभे राहिले. "डोकेदुखीच्या गोळीवर लिहिलेलं असतं, आत काय आहे, किती आहे, कधी बाद होणार. फवारणीच्या डब्यावरसुद्धा विषाची खूण असते. आणि रस्त्यावरच्या पुडीवर? कोरा कागद! आत खडू कुटलाय की झोपेच्या गोळ्या, विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही. कालच्या पुडीनं झोप आली, आजच्या पुडीनं कायमची येईल. आणि घेणारा दवाखान्यात जात नाही. का? कारण बाहेर तुम्ही दोरी घेऊन उभे!"

"मग काढा की दुकान!" कडप्पा उसळले. "दारूची दुकानं काढली, दारू कमी झाली का? आज चोरून घेतोय त्यो उद्या रांगंत उभारून घील. आन् ज्याला ठावं बी न्हाय, त्यो पाटी बघून आत शिरंल!"

मुद्दा जोरदार होता. आता सर आनंदानं टाळी देणार आणि खुर्ची बदलून कडप्पांचीच बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडणार, म्हणून आम्ही सरसावून बसलो. सर हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच विषय, तीच बाजू. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी युसूफभाईंनीच समोरची खुर्ची ओढून दिली. "सर, आता उलटं बोला की."

"आज न्हाय," सर म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

शुद्ध मराठी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून, तेही वादाच्या मध्ये, "न्हाय"? मी मागोमाग बाहेर आलो. सर माझ्या मोटरसायकलला टेकून उभे होते.

"आमचा महेश पुण्यात त्या पुडीत अडकलाय," ते म्हणाले. महेश त्यांचा एकुलता मुलगा, तिशी ओलांडलेला. "बारा दिवसांमागं त्यानं आपणहून फोन केला. म्हणला, अण्णा, मला ह्यातनं बाहेर पडायचंय, पन भ्या वाटतंय. आन् म्या काय म्हणलो ठावं हाय? म्हणलो, आधी मला पटवून दे. तीन मुद्दे मांड."

"मांडले त्यानं?"

"पहिला मांडला. म्या खोडून काढला." सर रस्त्याकडं बघत राहिले. "दुसऱ्याला त्यानं फोन ठेवला. तवापासनं उचलत न्हाय. म्या रोज लावतो. घंटी वाजती. फोन चार्ज केलाय म्हंजे पोरगं जितं हाय, एवढं धरून चालतो."

मी महेशचा नंबर मागितला; तो दाखवता दाखवता सर बोलतच राहिले.

"दुकान असतं तर काय घेतोय ते तरी कळलं असतं. आन् दुकान असतं तर रोज गेला असता, कडप्पा काय खोटं बोलत न्हाय. दोन्ही बाजू माझ्याच घरात हायत. कुठल्या खुर्चीत बसू?"

मी माझ्या फोनवरून नंबर लावला. अनोळखी नंबर, म्हणून असेल, महेशनं उचलला. मी फोन सरांच्या हातात दिला. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"म्या हाय. ठेवू नगंस. बोल तू."

आणि तो बोलू लागला. पण माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. मी सरांना दंडाला धरून आत नेलं. हॉटेलातला मोकळा प्लग एकच, गल्ल्यामागं, चार्जरची वायर हातभर. सर वाकून, डोकं बिस्किटांच्या बरण्यांमध्ये घालून ऐकू लागले.

"काय झालं ओ?" कडप्पांनी खणखणीत आवाजात विचारलं. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी हातातला पेला आवाज न करता खाली ठेवला.

युसूफभाईंनी टीव्ही बंद केला. स्टोव्ह तसाच फरफरत होता. त्यांनी भजी तेलात असताना तोही विझवला. गिऱ्हाईकं बोटांनी चहा मागू लागली आणि युसूफभाई हातानंच "थांबा" म्हणू लागले. कडप्पा उठले आणि एक स्टूल उचलून हळूच सरांच्या मागं ठेवलं. सर बसले. अर्ध्या तासात "हं" याशिवाय ते काही बोलले नाहीत. शेवटी मात्र म्हणाले, "व्हय. म्या येतो."

फोन माझ्याकडं देत म्हणाले, "महेश रातच्या गाडीनं निघतोय. पहाटं सोलापूरला उतरतो म्हणला. दवाखान्यात येतो म्हणला."

"मग तुमी सकाळची पहिली गाडी धरा!" कडप्पा म्हणाले.

"साडेपाचची," युसूफभाई म्हणाले.

"सव्वासहाची!"

"साडेपाचची! रोज माझ्या दारावरून जाती!"

दोघांची जुंपली. इतक्या दिवसांत एवढ्या आनंदानं कोणी भांडलं नव्हतं. मी सरांकडं वळलो तर स्टूल रिकामं. सर रस्त्याच्या कडेला पोचले होते, ना पिशवी, ना काही.

"सर! अहो, गाडी सकाळी आहे!"

"तंवर त्याला तिथं एकट्याला उभारावं लागंल," सर ओरडले, "आन् उभ्या उभ्या त्याचा इचार बदलला तर?"

आणि त्यांनी सोलापूरकडं निघालेल्या ट्रकला हात केला.