धारकर सरांचं गुप्त मतदान

धारकर सरांच्या घरी भेंडी करायची की दोडका, हे मतदानानं ठरतं. रायपूरच्या बूढापाऱ्यात एवढं लोकशाहीवादी घर दुसरं नाही, आणि जेवायला एवढा उशीरही दुसऱ्या कुठल्या घरी होत नाही.

सरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मी त्यांचा विद्यार्थी, आता शेजारी. सर निवृत्त झाले, पण जगाचा इतिहास काही निवृत्त झाला नाही. दूधवाल्यानं पाणी घातलं की ते शोषण. मुलानं, म्हणजे अविनाशनं, न विचारता मोठा टीव्ही आणला तेव्हा सर आठ दिवस त्याला हुकूमशहा म्हणत होते. टीव्ही मात्र सगळ्यांत जास्त तेच बघतात. वरच्या आणि खालच्या भाडेकरूंत पाण्याच्या मोटरवरून अबोला आहे. सर त्याला शीतयुद्ध म्हणतात आणि स्वतः अलिप्त राहून दोन्हीकडची लोणची खातात.

“आधी संकल्पना समजून घे,” असं ते म्हणाले की ओळखावं, आता तासभर उठता येणार नाही.

नात रसिका त्यांना रोज संध्याकाळी तलावाकडे फिरायला नेते. सर मराठीत विचारतात, ती हिंदीत उत्तर देते. मी एकदा म्हटलं, “सर, तिला मराठी बोलायला लावा ना.”

“लावणं म्हणजे साम्राज्यवाद,” सर म्हणाले. “मी बोलून राहिलो, ती समजून राहिली. दोन सार्वभौम राष्ट्रं आहोत आम्ही.”

यंदा रसिकाला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला जायचं होतं, तिच्या आईलाही तिला पाठवायचं होतं. अविनाशचं एकच, “रायपुर में कॉलेज नहीं है क्या?” सर तर त्याच्याहून कडक. हुशार पोट्टे बाहेर नेणं हा नवा वसाहतवाद आहे, यावर त्यांनी मला चार संध्याकाळी ऐकवलं. शेवटी नेहमीप्रमाणे मतदान ठरलं. मतं सारखी पडली तर ठराव नामंजूर, असा घरचा कायदा. दोन-दोन होणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि रसिकाचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता.

मी सरकारी कार्यालयात आहे, इलेक्शन ड्यूटीची सवय आहे, म्हणून निवडणूक अधिकारी मी. पोह्यांचा रिकामा डबा मतपेटी झाला. चार चिठ्ठ्या पडल्या. मी उघडू लागलो. ‘जाए.’ ‘न जाए.’ ‘जाए.’ चौथीवर होतं, ‘जाऊ द्यावे.’

त्या घरात मराठी लिहिणारा माणूस एकच आहे. गुप्त मतदानातली ही भगदाडाएवढी चूक घटनाकारांच्या लक्षातच आली नव्हती. मी चिठ्ठ्या मुठीत धरल्या आणि फक्त निकाल सांगितला, “तीन विरुद्ध एक. रसिका जाणार.”

रसिका धावत जाऊन वडिलांच्या गळ्यात पडली. “थैंक्यू, पापा!” अविनाश गोंधळला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“माझा पराभव झाला,” सर गंभीरपणे म्हणाले. “जनतेचा कौल मान्य.” मग माझ्या मुठीतल्या चिठ्ठ्या घेऊन त्यांनी बारीक फाडल्या.

मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. “अक्षर पाहिलं ना?”

“हव, सर.”

“कोणाले सांगू नको.”

“पण सर, उघड हो म्हटलं असतं तर पोरगी किती खूश झाली असती.”

सर थांबले. या खेपेला एकही संकल्पना निघाली नाही. “उघड म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, आजोबा, आप मेरे बिना रह लेंगे ना? अन् तिच्यापाशी मले खोटं बोलता येत नाही.”

आतून रसिकाची हाक आली, “आजोबा, घूमने चलना है कि नहीं?”

“आलो,” सर म्हणाले, पण चष्मा पुसता पुसता तिथंच उभे राहिले. मग मीच आत ओरडून सांगितलं, सर दोन मिनिटांत येतात.