शांतवनकाकांची तयारी

पिंपळवंडीत दिवस मावळायच्या सुमारास आमच्या दारावर टकटक झाली, की आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "माफ केलं हो काका!" काय माफ केलं, ते मागाहून कळायचं.

शांतवनकाका आमचे शेजारी, मिशनच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. प्रभू येशू पुन्हा येणार, आणि कधीही येणार, यावर त्यांचा एवढा भरवसा की सूर्य बुडायच्या आत दिवसभराचे रागलोभ मिटवून मोकळे व्हायचे. "घटका सांगून येत नाय, राव. आपण तयारीत असावं." आणि गुन्हे तरी काय! एकदा वडिलांपुढे हात जोडून म्हणाले, "भाऊ, सकाळी तुमच्या कोंबडीला मनातल्या मनात शिवी दिली."

वडील गंभीरपणे म्हणाले, "कोंबडीला विचारून सांगतो."

पहाटेच आंघोळ उरकून, पांढरा शर्ट आणि मोजे-बूट चढवून काका ओट्यावर बसत. दार सदा सताड उघडं. उसात बिबट्या फिरत होता, सगळं गाव सहालाच कड्या लावत होतं. मी विचारलं, "काका, बिबट्या आत आला तर?"

"येऊ दे की. त्याच्याशी माझं भांडाण नाय."

सगळी आळी हसायची. आज पुण्यात समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेही मला ठाऊक नाही, तेव्हा ती टकटक फार आठवते.

पण गावभर माफी मागत फिरणाऱ्या या माणसाने पोटच्या मुलीची माफी मागितली नव्हती. रूथने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, काका लग्नाला गेले नाहीत. आठ वर्षं बापलेकीत शब्द नव्हता. तिचं नाव निघालं की काका खाली वाकून बुटाची नाडी सोडत, पुन्हा बांधत.

एका शुक्रवारी ते आले आणि माझ्यापुढे चुरगळलेली चिठ्ठी धरली. "एवढा नंबर लावून दे."

"रूथ, चुकलं माझं, पोरी," एवढंच बोलले. मग नुसतं ऐकत राहिले. फोन परत देत म्हणाले, "रविवारी येते म्हणली. नातीला घेऊन."

शनिवारी त्यांच्या घरी प्रार्थना होती. आईबरोबर मीही गेलो. शेवटी सगळे एका सुरात म्हणाले, "ये, प्रभू येशू, ये." आमेन झालं, माणसं उठली, तरी काकांचे डोळे मिटलेलेच. मी शेजारी होतो, म्हणून ऐकू आलं.

"प्रभू, उद्या तेवढा येऊ नको. पोरगी यायची हाय."