संशोधकाच्या रकान्यातलं नाव

तोंड बंद ठेवण्यात आख्ख्या पुण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही! तो माझा धंदाच आहे. मी पेटंट वकील, तोही औषधांचा आणि जिवाणूंचा. शोध लागला की अर्ज दाखल होईपर्यंत तो जगात कुणाला कळता कामा नये. कळला, तर तो नवा राहत नाही आणि पेटंट हातचं जातं. म्हणून मी इतका गप्प असतो, की ऑफिसात माझं नेमकं काय चालतं ते बायकोलाही ठाऊक नाही. पायलच्या मते मी तिथे झोपतो.

कधीकाळी मी प्रयोगशाळेत होतो. पांढरा कोट होता, काचेच्या बशीत वाढवलेले माझे स्वतःचे जिवाणू होते. मग वकिलीत शिरलो आणि लोकांच्या शोधांना शब्द पुरवू लागलो. अर्जावर माझं नाव येतं, पण शेवटी, वकिलाच्या सहीखाली. 'संशोधक' नावाचा रकाना असतो पहिल्या पानावर. तिथे एकदा, फक्त एकदा, 'बुद्धभूषण संभाजी ओव्हाळ' असं यावं, ही माझी जुनी तहान. कोऱ्या अर्जात ते नाव टाइप करून, डोळे भरून बघून, मी कितीदा तरी पुसलंय.

आणि योग आला! खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका कंपनीत डॉ. रुकसाना तांबोळी मुलांच्या जुलाबावर पावडर बनवत होत्या. तिच्यात जिवंत, उपकारक जिवाणू होते, आणि ते उन्हाळ्यात मरायचे. माहिती घ्यायला गेलो असताना चहा पिता पिता मी म्हणालो, भाजलेल्या नाचणीच्या सत्वाचा लेप देऊन बघा. बाईंनी बघितलं. जिवाणू जगले.

"पावडर माझी, लेप तुमचा," बाई म्हणाल्या. "संशोधकांत तुमचंही नाव लागणार. कायदा तुम्हीच शिकवलाय मला."

त्या संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना मित्र विचारतात, मुलगा वकील आहे तर कोर्टात कसा दिसत नाही?

"भूषण," बाबा म्हणाले, "एकदा सांग तरी, तू करतोस काय?"

इतक्या वर्षांत मी त्यांना 'गोपनीय आहे' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. लेप, नाचणी, ती किती अंशांवर भाजायची तेसुद्धा. कुणाला सांगायचं नाही, असंही बजावलं. बाबांनी मान डोलावली, आणि खरंच कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी फ्लेक्स लावला.

दोन दिवसांनी सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फाटकावर मी झळकत होतो, पांढऱ्या कोटात. 'जुलाबाच्या पावडरीतील जिवाणूंना भाजलेल्या नाचणीच्या सत्वाचा लेप देऊन उन्हापासून वाचविणारे आमचे सुपुत्र बुद्धभूषण संभाजी ओव्हाळ यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली भाजण्याचे अंशही होते. टपालात जन्म गेलेला माणूस, अपुरी माहिती त्यांना चालत नाही.

मी पायजम्यातच स्टुलावर चढलो. सेक्रेटरी श्रीधरकाका मोबाइल घेऊन खाली उभे होते.

"स्वतःचा फ्लेक्स स्वतः उतरवणारा माणूस," ते म्हणाले. "नक्की पुण्याचेच ना आपण?"

बाबांनी उतरवलेल्या फ्लेक्सची गुंडाळी उचलली. "मी कुणाशी बोललो नव्हतो रे," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

रुकसानाबाईंना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. फ्लेक्स वाचतं कोण, म्हणाल्या. अर्ज गेला. त्या रकान्यात माझं नाव होतं, आणि ते पान मी रोज एकदा उघडून बघत होतो.

मग पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आला. पावडरीला हरकत नव्हती. लेप मात्र आधीच जगजाहीर होता. पुरावा म्हणून सोसायटीच्या फेसबुक पानावरचा, श्रीधरकाकांनी टाकलेला, तारखेसकट फोटो! फ्लेक्स अगदी स्पष्ट, आणि शेजारी स्टुलावर पायजम्यातला मी. अर्जातून लेप काढावा लागला आणि त्याच्याबरोबर रकान्यातलं माझं नावही गेलं.

अहवालाची प्रत मी रद्दीत टाकणार होतो. बाबांनी ती मागून घेतली, चष्मा लावून सावकाश वाचली.

"हा लेप आधीच कुणीतरी शोधलाय म्हणतात. कुणी?"

"मीच, बाबा. तिथे नाव आहे."

"म्हणजे सरकारने लेखी दिलं," बाबा म्हणाले.

आता तो अहवाल फ्रेम होऊन आमच्या हॉलमध्ये लागलाय. खिळा बाबांनी ठोकला. स्टूल मी धरलं होतं.