साडेबाराच्या आधी गाडी थांबणार नाही

दहा वाजून पाच मिनिटांनी हेडसरांना ते पहिल्यांदा जाणवलं, आणि त्यांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. दहा वाजून दहा मिनिटांनी ते पुन्हा जाणवलं. सव्वादहाला दुर्लक्ष करण्यासारखं काही उरलंच नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, बस डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्याने चालली होती, सहलीतली माणसं काचा पुसून पुसून देखावे बघत होती, आणि हेडसरांना लागली होती.

कुणालाही लागते. गाडी थांबवायची, आडोसा बघायचा, परत येऊन बसायचं. पण गाडी साडेबाराच्या आधी थांबणार नव्हती. तसा नियम होता, आणि तो हेडसरांनीच केला होता.

झालं होतं असं, की सहलीच्या पहिल्या दिवशी गाडी सात वेळा थांबली. एकाला लागली की दुसऱ्याला आठवण व्हायची, दुसरा परत येईपर्यंत तिसरा चहा शोधायला जायचा. सूर्यास्त बघायला म्हणून सरोवरावर पोचले, तेव्हा सूर्य केव्हाच आपल्या घरी गेला होता. त्या दिवशी जेवताना हेडसर उभे राहिले. चौतीस वर्षं शाळा चालवलेला माणूस; चमचा ताटलीवर वाजवला तरी तास झाल्यासारखा वाजतो.

"शरीर हे वाह्यात पोरासारखं असतं," ते म्हणाले. "लाड केले की डोक्यावर बसतं. उद्या साडेनऊला निघायचं आणि साडेबाराला थांबायचं. मध्ये कुणीही कुरकुर करायची नाही."

"सर, मला शुगर आहे हो," एक निवृत्त कॅशियर चाचरत म्हणाले.

"मनाचा निग्रह वाढवा, कॅशियरसाहेब. निग्रहाला शुगर नसते."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी टाळी समोरच्या टेबलावरच्या बाईंची होती. त्या एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या, आणि त्यांच्या मुलाशी हेडसरांच्या लेकीचं लग्न ठरत आलं होतं. ठरलं नव्हतं, ठरत आलं होतं. मुलं राजी होती, मुलाचे वडील तर कशालाही राजी असत. मेट्रनबाईंचा शब्द तेवढा यायचा होता. माणूस पारखून घ्यायचा तर प्रवासात घ्यावा, असं त्यांचं मत. म्हणूनच ही दोन्ही जोडपी एका सहलीत होती. टाळी वाजवून त्या म्हणाल्या होत्या, "करारी आहात, सर. बोलतो तसं वागणारा माणूस मला आवडतो."

आता त्याच मेट्रनबाई मधली वाट सोडून पलीकडच्या सीटवर बसल्या होत्या. सकाळी त्यांनीच हेडसरांच्या कपात आपल्या हाताने चहा ओतला होता. मग दुसऱ्यांदा ओतला होता. आणि "हा माझ्याकडून" म्हणून तिसऱ्यांदा. मुलीच्या बापाने कुठे 'पुरे' म्हणावं आणि कुठे म्हणू नये, हे हेडसरांना कळत होतं. तो तिसरा कप आता आतून दार ठोठावत होता.

"पाय कशाला हलवताय एवढे?" शेजारून पत्नीने हळूच विचारलं.

"थंडी आहे."

"लागली ना?"

"हळू बोल!"

"मी सांगते ड्रायव्हरला, मला लागली म्हणून."

"खबरदार! काल मी एवढं बोललो आणि आज माझ्याच बायकोला लागली?"

"मग बसा निग्रह करत," पत्नी म्हणाली, आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

खिडकीच्या रबराला कुठेतरी फट होती. तिच्यातून एकेक थेंब बेताने जमा होऊन बरोबर हेडसरांच्या गुडघ्यावर पडत होता. टप्. मग जरा विचार करून, टप्. हेडसरांनी गुडघा हलवला. थेंबाने नवी जागा शोधली.

एवढ्यात गाइडने माइक हातात घेतला. "मंडळी, डाव्या हाताला बघा! नव्वद मीटरवरून कोसळणारा धबधबा! काचा जरा खाली करा आणि डोळे मिटून नुसतं ऐका. कसं अखंड, बेभान वाहतंय पाणी!"

काचा खाली झाल्या. डोळे मिटले गेले. हेडसरांनीही मिटले, पण वेगळ्या कारणाने.

"पुढच्या अर्ध्या तासात असे अकरा धबधबे आहेत," गाइड म्हणाला. "कुणाला काही शंका?"

शंका हा शब्द कानावर पडताच हेडसरांच्या हातून एक अपघात झाला. हात आपसूक वर गेला. चौतीस वर्षं वर्गावर्गांतून आपल्याकडे रोखलेल्या करंगळ्या त्यांनी पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकीला "बस खाली, मधल्या सुट्टीत जा" असं उत्तर दिलं होतं. आज त्यांची स्वतःची करंगळी छताकडे ताठ उभी होती.

"वा, सर!" गाइड खूश झाला. "सरांनी बरोबर ओळखलं. ते समोर एकटंच उभं आहे ना, तेच इथलं प्रसिद्ध शिखर!"

"सर, तब्येत बरी आहे ना?" मेट्रनबाईंनी विचारलं. "चेहरा उतरलाय."

"निसर्ग बघितला की मी गंभीर होतो," हेडसर म्हणाले.

"थोडं पाणी घ्या." त्यांनी बाटली पुढे केली, झाकण काढून. हेडसरांनी एक घोट घेतला. तो घशाखाली उतरून कुठे जाऊन मिळाला, हे त्यांना नीट कळलं.

पावणेअकराला गाडी थांबली. आपोआप थांबली! पुढे रस्त्यावर मेंढ्या आल्या होत्या. दोनतीनशे मेंढ्या, भिजून जड झालेल्या, कुठेही जायची घाई नसलेल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. रस्त्याच्या कडेला दाट झुडपं होती. इतकी सुंदर झुडपं हेडसरांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ते ताडकन उभे राहिले.

त्याबरोबर मागे आठदहा माणसं उभी राहिली.

"अहो मंडळी, बसा, बसा!" गाइड ओरडला. "नियम म्हणजे नियम. बघा, सर स्वतः उठले तुम्हाला अडवायला!"

सगळी गाडी हेडसरांकडे बघू लागली. मेट्रनबाईही बघू लागल्या. हेडसरांनी एकदा झुडपांकडे पाहिलं. मग चौतीस वर्षांची सगळी शिस्त गळ्यात गोळा करून ते म्हणाले, "कुणीही... उतरायचं नाही."

माणसं निमूट खाली बसली. कॅशियर सगळ्यांत शेवटी बसले, अगदी सावकाश, काचेचं भांडं ठेवावं तसे.

मेंढ्यांनी वाट सोडायला वीस मिनिटं घेतली. गाडी निघाली. आता प्रत्येक खड्डा हेडसरांना वैयक्तिक निरोप देऊन जात होता. साडेबाराला अजून एक तास पंचवीस मिनिटं. तेवढं आपल्याच्याने निभणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसू लागलं. मग काय होईल, तेही दिसू लागलं. सीट ओली होईल. सहल हसेल. आणि मेट्रनबाई घरी जाऊन मुलाला सांगतील, 'पोरगी चांगली आहे रे, पण बाप...' त्या 'पण'च्या पुढे हेडसरांना जाववेना.

तेवढ्यात पावसाच्या पडद्यातून एक पाटी सरकली: पेट्रोल पंप, एक किलोमीटर.

"ड्रायव्हर!" हेडसर गरजले. "मागच्या चाकातून आवाज येतोय!"

आयुष्यात पहिल्यांदाच ते इतक्या मोठ्याने खोटं बोलले होते. काचा पुसणारे हात थांबले. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि चाकातून आवाज.

"कसला आवाज?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. "मला नाही आला."

हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं. पळायला हवं होतं ते मात्र तिथेच होतं.

"मला आला," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मलाही आला," मागून कुणीतरी म्हणालं.

"मघापासून येतोय!"

"फार मोठा येतोय हो!" हा कॅशियरांचा आवाज होता, जवळजवळ रडका. "थांबवा लवकर!"

हेडसर चपापले. खरंच आवाज येतोय की काय? त्यांनी कान देऊन ऐकलं. पाऊस, वायपर आणि गुडघ्यावरचा टप्, याखेरीज त्यांना काही ऐकू येईना.

गाडी पंपावर छपराच्या जरा अलीकडे उभी राहिली. पंपामागे पत्र्याच्या आडोशाला दोन दारं होती. एकावर पुरुषाचं चित्र, दुसऱ्यावर बाईचं. हेडसर सगळ्यांच्या आधी खाली उतरले आणि त्या चित्रातल्या पुरुषाच्या दिशेने झपाझप निघाले. पण ड्रायव्हरने त्यांचं कोपर धरलं.

"साहेब, तुम्ही ऐकलंत ना? मग तुम्हीच दाखवा. पस्तीस माणसांचा जीव आहे."

हेडसर छत्री धरून चाकापाशी उभे राहिले. गाडीच्या टपावरचं पाणी त्यांच्या बुटांशेजारी एका जाड धारेने पडत होतं. ड्रायव्हर पान्याने चाकाच्या एकेका नटावर ठोकू लागला.

"हा आवाज?"

"नाही."

"मग हा?"

"तोही नाही."

"कसा होता? खट् की खर्र?"

"खट्."

"खट् की टक्?"

"अहो, टक्! टकच होता!"

"टक् असेल तर पुढचं चाक," ड्रायव्हर म्हणाला आणि शांतपणे पुढच्या चाकाकडे गेला. हेडसर मांडीला मांडी चिकटवून त्याच्या मागे गेले. चारही बाजूंचे नट ठोकून झाले. मग ड्रायव्हर उठला, पाना फडक्याला पुसला आणि खाली बघत म्हणाला, "चाकं ठणठणीत आहेत. पण आवाज होता, साहेब. मला तर दहापासूनच येतोय."

आणि तो लगबगीने पंपामागे चालू लागला.

हेडसरांनी मान वर केली. गाडी रिकामी होती. पत्र्याच्या आडोशाला दोन लांबलचक रांगा लागल्या होत्या. एकीत सगळी सहल, दुसरीत उरलेली सगळी सहल. कॅशियर पहिल्या नंबरने आत जाऊन आलेही होते आणि पावसात उभे राहून आकाशाकडे हसत होते. बायकांच्या रांगेत तिसऱ्या नंबरवर हेडसरांची पत्नी होती. ती नवऱ्याला ओळख देत नव्हती. ड्रायव्हरसुद्धा दोन पावलं पुढे निसटून रांगेत लागला होता. हेडसर त्याच्या मागे उभे राहिले. शेवटचे.

पुढच्या पंचवीस मिनिटांत त्यांनी मनाचा जो निग्रह दाखवला, तो पाहायला मात्र कुणी थांबलं नाही.

ते बाहेर आले तेव्हा पाऊस छान वाटत होता. डोंगर हिरवे होते, हे त्यांना आत्ताच कळलं. गाडीच्या दारात मेट्रनबाई छत्री घेऊन उभ्या होत्या, त्यांचीच वाट बघत. हेडसरांचा आनंद जागच्या जागी वाळला.

"बाई," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर आवाज बिवाज काही—"

"काही सांगू नका." त्यांनी छत्री जरा त्यांच्या डोक्यावर सरकवली आणि आवाज खाली आणला. "उद्याचा रस्ता याहून लांब आहे, व्याहीबुवा. उद्या जरा लवकर ऐका."