चाचांच्या अंगणातला कलेक्टर

"सकाळी कलेक्टर येऊन गेले," असं इस्माईलचाचांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला होता.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. उस्मानाबादहून बदली होऊन मी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून आलो होतो. गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत, इस्माईलचाचांच्या भिंतीला लागून दोन खोल्या घेतल्या होत्या. साहेबांना मी अजून लांबूनच बघितलेलं. ते आपण होऊन गल्लीत यावेत आणि मी आत दाढी करत बसावं?

"काय म्हणाले?" मी घाबरत विचारलं.

"म्हणतील काय? बाजरी खाल्ली, डबा पाडला आन् माझा लेंगा घेऊन गेले."

चाचांचे कलेक्टर म्हणजे काळ्या तोंडाचं, चांगलं दांडगं वानर. त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. शिवारातली झाडं उघडी पडली, विहिरींचा तळ दिसायला लागला आणि वानरांची एक टोळी गावात शिरली. टोळीच्या म्होरक्याला चाचांनी कलेक्टर का केलं, याचा त्यांच्याकडे खुलासा होता. "भाऊसाब, तो आला की बाकीचे समदे उठून उभे राहतात. त्यानं खाल्ल्याबिगर कुणी खात न्हाई. आन् काम नसलेले धा-वीस जण उगंच मागं फिरतात. मग दुसरं काय म्हणावं?"

बाकीच्यांनाही पदं मिळाली होती. डब्यातली बाजरी गालात भरून पळणारी खार म्हणजे तलाठी. "थोडं थोडं नेतो, पन रोज नेतो." सगळं आटोपल्यावर येऊन बडबडणारा कावळा म्हणजे वकील. चिमण्यांना मात्र चाचा 'पब्लिक' म्हणत. खरं तर हा सगळा कारभार पब्लिकसाठीच होता. अंगणातल्या लिंबाला चाचांनी तेलाच्या डब्याचा झोका टांगला होता. त्यात बाजरी, ज्वारीची कणी, शेजारी पाण्याची पत्र्याची थाळी. आणि पब्लिकच्या तोंडी मात्र काहीच लागत नव्हतं.

चाचा जन्मभर पत्र्याचं काम केलेले. चाळण्या, नरसाळी, रॉकेलची मापं आणि मुख्य म्हणजे धान्याच्या कोठ्या. शेजारचे गुरुलिंगअप्पा आडतीचे व्यापारी. कुणाची फुकट तारीफ करायची त्यांना सवय नव्हती, तरी ते सांगत, "इस्माईलच्या कोठीत मुंगी शिरली तर मी मिशा उतरवीन." असा हा कारागीर, पण एका वानरापुढं त्याचं काही चालेना.

सुरुवातीला चाचांनी डबा लिंबावरून काढून अंगणभर ताणलेल्या तारेच्या मधोमध टांगला. कलेक्टरनं तारेचं एक टोक धरलं आणि बायका सतरंजी झटकतात तशी तार झटकली. बाजरी अंगणभर. मग चाचांनी एका उंच पाइपावर डबा बसवला आणि पाइपाला एरंडेल फासलं. पहिल्या दिवशी कलेक्टर दोनदा घसरला, तेव्हा चाचा खुर्ची टाकून बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी चढायला त्यानं पाइपाला हातच लावला नाही. भिंतीवरून थेट डब्यावर उडी मारली, पोटभर खाल्लं, आणि पाइपावरून घसरत उतरल्यावर तेलकट झालेले हात दोरीवरच्या चाचांच्या सदऱ्याला पुसले.

"डोकं लढवून राहिलो, भाऊसाब," चाचा मला भिंतीवरून सांगत. "या वेळेला त्याचा हिसाबच बसवतो."

मग त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर पेंटरकडून वाघ काढून आणला. पेंटरनं वाघ बघितलेला नसावा. चेहरा गरीब गायीसारखा, फक्त पट्टे ओढलेले. टोळीतल्या दोन म्हाताऱ्या माद्या त्या वाघाच्या सावलीत पाठ टेकून दुपारभर उवा बघत बसल्या. नंतर चाचांनी आरसा लावला. आपलंच तोंड बघून वानर पळतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कलेक्टर आरशासमोरून हलेना. या बाजूनं बघ, त्या बाजूनं बघ. "फोटो काढून राहिलाय," चाचा म्हणाले.

दरवेळी चाचा शिडीवर चढत, ओरडत, हातवारे करत. एकदा लुंगी सावरताना शिडी सुटली आणि ते छपराच्या पत्र्याला लोंबकळत राहिले. गल्लीतली माणसं धावली. खाली उतरवल्यावर चाचांचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुललेला होता. मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल.

हे सगळं आम्ही मजेत बघत होतो, पण पुढं ते आमच्या पाण्यावर आलं. टँकर एक दिवसाआड यायचा. जो तो पिंप भरून दारात ठेवायचा, वर ताट झाकायचं, ताटावर दगड. वानरं दगड बाजूला सारायची, पाणी प्यायची आणि जाताना पिंप कलंडवायची. एका सकाळी आमचं अख्खं पिंप गल्लीत वाहून गेलं. माझी बायको सुमन रिकाम्या पिंपाजवळ मटकन बसली. शेवटी गुरुलिंगअप्पांच्या घरून दोन हंडे आले तेव्हा स्वयंपाक झाला.

संध्याकाळी अप्पांच्या ओट्यावर गल्ली जमली. बाहेरगावाहून वानर धरणारे दोघे बोलवायचे आणि पिंजरा लावून टोळी लांबच्या जंगलात सोडायची, असं ठरलं. पिंजरा अर्थात चाचांच्या अंगणात, कारण वानरं तिथंच उतरायची.

"चाचा, सुटलात बघा," अप्पा म्हणाले.

"हाव," चाचा म्हणाले. एवढंच.

पिंजरा आला. आत अर्धापुरी केळ्यांचा घड टांगला. घड ओढला की वरचं दार खाली पडायचं. चाचांनी दार वरखाली करून बघितलं आणि म्हणाले, "गंजलंय. मी जरा तेल देतो."

सकाळी कलेक्टर सहकुटुंब आत गेले. घड ओढला. दार निम्म्यावर आलं आणि अडकलं. मंडळींनी केळी खाल्ली आणि खालून एकेक करत बाहेर पडली. चाचांनी दार पुन्हा दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. वानर धरणारे हैराण. "हे वानर शिकलेलं हाय," असं म्हणून त्यांनी पिंजरा उचलायची तयारी केली.

पिंजरा उचलायला मी हात लावला, तेव्हा दाराच्या खाचेत मला पत्र्याची एक छोटी पाचर दिसली. कड इतकी साफ दुमडलेली होती, की ते काम वानराचं नक्की नव्हतं. मी चाचांकडे बघितलं. चाचा जमिनीकडे बघत होते. पाचर मी खिशात टाकली. ती माणसं पिंजरा घेऊन गेल्यावर मी विचारलं, "चाचा, हे काय?"

"आत या, भाऊसाब."

त्यांच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. सुमन जायची. चाचींना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता, एक अंग गेलं होतं, हे मला तिच्याकडून माहीत होतं. अंगणाच्या खिडकीला लागून त्यांची बाज होती. मी आत आलेलो बघताच त्यांनी चांगल्या हातानं पदर ओढून तोंड झाकलं.

चाचांनी मला पाणी दिलं आणि दारापाशी आणून हळू आवाजात सांगितलं, "तोंड वाकडं झालं ना, तवापासून ही कुणापुढं हसत न्हाई. माझ्यापुढंबी न्हाई. मुली सासरहून येऊन गेल्या, तरी पदर तोंडावरच. मग चिमण्यांसाठी डबा टांगला. म्हटलं, पडल्या पडल्या बघंल. बघायची, पन गप्प." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "आन् ज्या दिवशी त्यानं माझा लेंगा नेला, मी मागं धावलो, तोंडावर पडलो, त्या दिवशी ही हसली. मोठ्यानं. पदर घ्यायची विसरली, भाऊसाब."

मी पाचर त्यांच्या हातात परत दिली.

"म्हून त्याला धरू दिलं न्हाई," चाचा म्हणाले. "पन तुमचं पाणी गेलं, ते माझ्यामुळं गेलं. पाण्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या ओसरीतून ठोकण्याचा आवाज सुरू झाला. जुने डबे कापून त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक पिंपाला झाकण केलं. पक्की कडी, आत वळवलेली कड. पहिलं झाकण आमच्या पिंपाला बसलं. कलेक्टरनं त्यावर सगळे अधिकार वापरून बघितले. ओढलं, ठोकलं, चावलं, वर बसून नाचला. कडी हलली नाही. सुमननं खिडकीतून ते बघितलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा दुपारी निवांत झोपली.

गुरुलिंगअप्पांनी आपल्या पिंपाचं झाकण चारदा उघडून बघितलं. "चाचा, इथं असं जमलं, मग तुमच्या डब्याचं का जमंना?"

"उमर झाली, अप्पा. कधी डोकं चालतं, कधी न्हाई."

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी झाकणाची तारीफ सुरू केली.

मग एका रविवारी सकाळी चाचांनी मला चहाला बोलावलं. मी आत, चाचींच्या बाजेशेजारी स्टुलावर. बाहेर चाचांनी नवी युक्ती काढली होती, डब्याला पंख्यासारखं फिरणारं काहीतरी. शिडीवर उभे राहून चाचा ते बसवत होते. मागून कलेक्टर शांतपणे उतरला, शिडीच्या पायरीवर ठेवलेली बाजरीची पिशवी उचलली आणि बाजूला बसून खायला लागला.

"ए, सरकारी मानसा," चाचा ओरडले, "वरचा डबा तुझाच हाय ना, मग पिशवी कशाला?"

कलेक्टरनं त्यांच्याकडे पाठ केली.

त्या खिडकीतून मी पहिल्यांदाच बघत होतो. गल्लीतून चाचांची पाठ दिसायची, इथून तोंड दिसत होतं. ते वानराकडे बघतच नव्हते. हात वानराकडे, शिव्या वानराला, आणि डोळे सारखे आमच्या खिडकीवर.

माझ्या शेजारी चाचींच्या घशातून आधी खरखर आली, मग हसू आलं. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच राहिलं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चांगला हात त्यांनी उचलला तेव्हा मला वाटलं, आता पदर घेतील. पण त्यांनी माझ्या दंडावर चापट मारली आणि बाहेर बोट दाखवलं.

"बघ, बघ," त्या अडखळत म्हणाल्या. "आता शिडी नेतो की न्हाई बघ."