अठरा बैलांची मोटार

आमच्या मालकांच्या मोटारीत किती घोड्यांचं बळ आहे, असं कुणी विचारलं की ड्रायव्हर थावरूदादांच्या कपाळाला आठी पडायची.

"घोडा काहून मधी आणून राहिलात? घोडा म्हंजे वरातीचं जनावर. फटाका वाजला की उधळतंय. बळ बैलात मोजा. ही अठरा बैलांची गाडी हाय."

अठराचा हिशेब असा, की एकदा ती कयाधू नदीच्या वाळूत रुतली, तेव्हा अठरा बैल जुंपून बाहेर काढावी लागली होती. "म्हणजे तिला जे जमलं नाही ते अठरा बैलांनी केलं," मी म्हणालो. "मग तिचं बळ अठराच्या आत नाही का?" थावरूदादांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मुन्शीजी, तुमी कागदाची माणसं. अठरा बैलांना घाम फुटला, तवा ती हालली. बराबरीचा असल्याबिगर कुणी घाम काढतो का?"

मी हिंगोलीला मालकांच्या बैठकीत कारकून होतो. उर्दू अर्ज आणि मराठी पत्रं लिहायचो, म्हणून मुन्शीजी. थावरूदादा औंढ्याच्या वाटेवरच्या तांड्यावरचे. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, आणि त्यांच्या बापानं एकेक करून सगळे बैल विकले. मुलगा मात्र ज्या मोटारीनं घरचा धंदा बुडवला तीच हाकायला शिकला. शिकला कसला, तिच्यावर जीवच जडवून बसला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मोटारखान्यामागच्या खोलीत एकटेच राहायचे.

मोटार म्हणजे कापडी टपाची, जुनी, विलायतेहून आलेली. तिच्या रेडिएटरला आमच्या आडाचं पाणी चालत नसे. आड खारा. दादा अर्ध्या कोसावरच्या गोड्या विहिरीवरून तिच्यासाठी घागर आणायचे. आम्ही बैठकीतली चार माणसं मात्र खारंच प्यायचो. मी तक्रार केली तर म्हणाले, "तुमच्या पोटात खार साठला तर वैद्य हाय. तिच्या पोटात साठला तर कोण हाय?"

परकी मोटार गावात आली की दादा बाजारातल्या दलालासारखे तिच्याभोवती फिरायचे. मडगार्डवर थाप मारायचे, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघायचे, धूर हुंगायचे. एका कापूसवाल्यानं झगझगीत नवी गाडी आणली. सगळं गाव लोटलं. दादांनी एक फेरी मारली आणि हळूच म्हणाले, "शिंगं रंगवून आणलीत. चढावर बघू." महिन्याभरात ती गाडी कळमनुरीच्या चढावर वाफा सोडत उभी दिसली. दादांनी आमची थांबवली, उतरले आणि तासभर खपून तिला चालू करून दिली. त्या माणसाला एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र वाटेत सांगितलं, "पळायला काय, उतारावर दगडबी पळतो. वझं घेऊन चढ चढावा आन् वर गेल्यावर दम लागू नये, ती गाडी." माणसाबद्दलही याहून शहाणं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही.

मग लढाईचे दिवस आले. पेट्रोल परवान्यावर मिळू लागलं, तेही मिळालं तर. मालकांनी मोटार विकायचं ठरवलं. औंढ्याचा एक ठेकेदार तयार झाला. आता दादा तिच्यात शंभर खोडी सांगून सौदा मोडणार, असं आम्हाला वाटलं. खरं सांगायचं तर आम्हाला तेच हवं होतं. त्या माणसाला दुसरं होतं काय?

पण जनावर विकताना खोड लपवायची नाही आणि गुणही चोरायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यांनी ठेकेदाराला दबलेला डावा पाटा दाखवला, पाण्याची गळती दाखवली. मग म्हणाले, "बाकी चढाला हिच्यावाणी गाडी ह्या मुलखात न्हाई." ठेकेदार इतक्या खऱ्या बोलण्यावर भाळला आणि सौदा तिथंच पक्का झाला.

जाताना घोटाळा झाला. गाडी सुरू करायला ठेकेदाराच्या ड्रायव्हरनं हँडल शोधलं, तर ते कुठंच नाही. हँडल मारल्याशिवाय ती उठत नसे.

"हँडल मी ठिवलंय," दादा शांतपणे म्हणाले. "जनावर द्यायचं, दावं द्यायचं न्हाई."

"अहो, दावं मी दुसरं आणीन! हँडल कुठून आणू?" ठेकेदार ओरडला. दादा जागचे हलले नाहीत. शेवटी पाच-सहा माणसांनी ढकलत ढकलत ती उतारापर्यंत नेली, तेव्हा ती सुरू होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. गाडी उठेना. मालकांनी मला दादांच्या खोलीवर पाठवलं. भिंतीच्या खुंट्यांवर जुनी, काळी पडलेली दावी ओळीनं लटकत होती, बापानं विकलेल्या बैलांची. शेवटच्या खुंटीवर तेल लावलेलं हँडल.

"दावं ठिवलं की बरकत घरात राहते, असं बाप म्हणायचा," दादा म्हणाले. मग त्यांनी शेवटच्या खुंटीकडे पाहिलं. "पर हिला बिनाहँडलाची तकलीफ होऊन राहिली आसंल." त्यांनी हँडल स्वतःच काढून माझ्या हातात दिलं.

पुढं मालकांनी त्यांना मळ्याच्या देखरेखीवर लावलं. दर सोमवारी ते सुट्टी घेऊन मिळेल त्या बैलगाडीनं औंढ्याला जाऊ लागले. थावरूदादा नागनाथाच्या भजनी लागले, असं लोक म्हणू लागले. मलाही ते पटलं.

एका सोमवारी मीही दर्शनाला गेलो. देवळात दादा दिसले नाहीत. बाहेर पडून ठेकेदाराच्या आवारावरून चाललो होतो, तर मोटारीच्या पायरीवर दादा बसलेले. एक हात मडगार्डवर. काही करत नव्हते, नुसते बसले होते.

"दर सोमवारी येतात," ठेकेदाराचा ड्रायव्हर मला हळूच म्हणाला. "घडीभर बसतात आन् जातात."

मला पाहून दादा चोरी पकडल्यासारखे हसले.

"मुन्शीजी, इकलेला बैल दावं तोडून जुन्या घरी माघारी येतो. आमच्या बापाचे दोन आले व्हते. हिला बी वाट पाठ हाय." त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला. "पर बिचारीला तिचं तिला येता येत न्हाई. मग मीच येतो."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिलो.